रक्त कमी भरलं

गडहिंग्लज तालुक्याला गरीब म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. हिरण्यकेशीच्या काठानं ऊस उभा असतो, हरळीला साखर कारखाना आहे, बाजार समितीत मिरचीचे आणि गुळाचे सौदे निघतात. संकेश्वरी मिरची घ्यायला लांबलांबून माणसं इथं येतात. माळावर भुईमूग आणि सोयाबीन, पश्चिमेला आजरा-चंदगडकडं सरकलं की भात आणि नाचणी. दारात म्हैस नाही असं शेतकऱ्याचं घर शोधावं लागतं आणि सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेसमोर किटल्यांची रांग लागते. असा हा खाऊनपिऊन सुखी मुलूख. तरी दर महिन्याच्या नऊ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली की एक वाक्य कानावर पडतंच : “रक्त कमी भरलंय.”

हे ऐकून कुणी फारसं दचकत नाही, हीच खरी अडचण आहे. गरोदरपणी रक्त कमी असायचंच, असं सासूला वाटतं, सुनेला वाटतं आणि कधीकधी तपासणाऱ्यालाही वाटतं. आकडेही या समजुतीला खतपाणीच घालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५२.२ टक्के. या सर्वेक्षणात हिमोग्लोबिन पहिल्यांदा मोजलं गेलं ते १९९८-९९ मध्ये, तेव्हाही देशातल्या जवळजवळ निम्म्या गरोदर बायका याच रांगेत होत्या. आणि गर्भवतींना लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला १९७० मध्ये. अर्ध्या शतकाहून जास्त काळ गोळ्या वाटून आपण साधारण जिथल्या तिथं उभे आहोत.

आकडे वाचताना थोडी सावधगिरी हवी. बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबावर ही मोजणी होते. शिरेतून रक्त घेतलं तर रक्तक्षयाचं प्रमाण कमी दिसतं, असं अनेक संशोधक सांगतात आणि त्यावरून बरीच हमरीतुमरी झालेली आहे. पण त्याच सुईनं त्याच घरांतले पुरुषही मोजले गेले. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या आणि पुरुष २५ टक्के. पुरुषाला १३ ग्रॅमच्या खाली रक्तक्षयी म्हणतात, बाईला १२ च्या खाली. म्हणजे बाईला एक ग्रॅमची सवलत देऊनही ही तफावत. महिन्याची पाळी हे तिचं एक कारण, नाही असं नाही. पण पाळी श्रीमंत देशांतल्या बायकांनाही येते आणि तिथं निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी नसतात. चूल एक, भाकरी एक, आणि रक्त मात्र दोन प्रकारचं. या प्रकरणात शोध घ्यायचा आहे तो या गोष्टीचा.

आधी शरीराचा हिशेब बघू. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशींतलं लोह असलेलं प्रथिन, फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवणारं. गरोदरपणात बाईच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण २० ते ३० टक्के. त्यामुळं निरोगी बाईचंही रक्त या काळात थोडं पातळ होतं. म्हणूनच गर्भवतीसाठी मर्यादा १२ ऐवजी ११ ग्रॅम धरली आहे. १० ते १०.९ म्हणजे सौम्य, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम आणि सातच्या खाली तीव्र रक्तक्षय. ‘गरोदरपणी कमी असायचंच’ या म्हणण्यात जे काही तथ्य आहे ते या एका ग्रॅमपुरतं. साडेआठ भरलं तर ते निसर्गाच्या माथी मारता येत नाही.

एका गरोदरपणाला एकंदर सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं तीनशे-साडेतीनशे बाळ आणि वार घेऊन जातात, पाचशेच्या आसपास आईच्या वाढत्या रक्ताला लागतं, बाकीचं रोजच्या झिजेत जातं. बाईच्या अंगात साठा असेल तर त्यातून बरंच भागतं. हा साठा म्हणजे घरातली कणगी. सुगीत भरून ठेवली असेल तर अडीनडीला हात घालता येतो, पण गरोदरपण लागल्यावर ती भरायला निघालं तर रोजचं दळण निघून उरेल किती? आपल्याकडच्या कितीतरी मुली रिकाम्या कणगीनंच सासरी येतात. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ५७.२ टक्के मुली रक्तक्षयी होत्या. गर्भवतींपेक्षाही जास्त. दवाखान्यात पाचव्या महिन्यात जे ‘कमी भरतं’ ते कमी झालेलं असतं शाळेच्या बाकावर.

गोळीचा हिशेबही याच आकड्याला धरून आहे. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची. १८० गुणिले ६० म्हणजे १०,८०० मिलिग्रॅम. त्यातलं दहाव्या हिश्श्याच्या आसपास अंगी लागलं तरी हजाराचा खड्डा भरतो. हिशेब चोख आहे. मात्र तो १८० गोळ्या पोटात गेल्या तरच लागू होतो, आणि सर्वेक्षण सांगतं की महाराष्ट्रात तेवढ्या दिवस गोळ्या घेतलेल्या आया ३०.९ टक्के होत्या. दहातल्या सात जणींचा हिशेब मध्येच सुटला.

त्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ते तिथं कसं आलं, ही गोष्ट आपल्या मुंबईची आहे आणि ती महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नाही, याचं मला नवल वाटतं.

१९२० च्या दशकात मुंबईत बाळंतपणात मरणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणींना भयंकर रक्तक्षय असे. गिरण्यांत काम करणाऱ्या, चाळींत राहणाऱ्या, गोषात असणाऱ्या बायका. डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी या मृत्यूंकडे लक्ष वेधलं आणि चौकशीच्या कामासाठी इंग्लंडहून डॉ. ल्यूसी विल्स यांना बोलावणं गेलं. १९२८ मध्ये विल्सबाई परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाल्या. त्यांच्या कामाला लेडी टाटा स्मारक निधीचंही साहाय्य मिळालं. त्यांनी सुरुवात केली ती जंतूंपासून. बायकांच्या पोटात काही संसर्ग आहे का, हे तपासलं. हाती काही लागलं नाही. मग त्यांनी बायका काय खातात ते बघायला घेतलं. मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचं जेवण आणि त्यांचा रक्तक्षय शेजारी शेजारी मांडल्यावर चित्र दिसलं : ज्यांच्या जेवणात भाजी, फळं, दूध, मांस यांचा सर्वांत जास्त तुटवडा, त्यांच्यातच हा आजार सर्वांत जास्त. गरीब मुस्लिम बायकांची अवस्था सर्वांत वाईट होती.

पुढं कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत त्यांनी मुंबईच्या या गरीब बायकांचंच जेवण उंदरांना घातलं, मग माकडांना घातलं. त्यांनाही रक्तक्षय झाला. मग उपाय शोधताना एका माकडाला त्यांनी मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टपासून केलेला काळपट, खारट लगदा. इंग्रज तो पावाला लावून खातात आणि इतरांना तो का आवडावा हे कोडंच आहे. माकड सुधारलं. बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं. यीस्टमधल्या त्या अनामिक द्रव्याला पुढं ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. विल्सबाईंच्या यीस्टमधलं गुणकारी द्रव्य या फोलेटांपैकीच होतं. आज जगभर गर्भवतींना ते देतात. पालक लोहासाठी खा असं आपल्याला शाळेत शिकवलं. पालकातलं लोह फारच थोडं अंगी लागतं. त्याची खरी करामत फोलेटची, आणि तीही भाजी तासभर शिजवली नाही तरच.

मला या गोष्टीत औषधापेक्षा मोलाची वाटते ती विल्सबाईंनी मधे केलेली पायरी. प्रयोगशाळेतून उठून त्या ताटापाशी गेल्या. बाईचं रक्त तपासायचं तर तिचं घर तपासावं लागतं, हे त्यांनी नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी करून दाखवलं. आपण त्यातली गोळी उचलली आणि ताट तिथंच ठेवलं.

तर गडहिंग्लज भागातल्या ताटाकडं येऊ. या भागात रविवारी, बुधवारी घराघरांत रस्सा होतो. मटणातलं लोह हे सर्वांत सहज अंगी लागणारं लोह. वनस्पतींमधल्या लोहाच्या कितीतरी पट ते शोषलं जातं. पण पंगतीचा क्रम बघा. आधी पुरुष आणि पाव्हणे, मग पोरं, मग सासू, शेवटी सून. मटणाच्या फोडी आहेत तोवर पुरुषांची ताटं वाढून होतात. सुनेच्या वाटणीला येतो तो रस्सा, झणझणीत आणि चविष्ट, ज्यात लोह नावालाच. कोणी ठरवून तिला उपाशी ठेवत नाही. तिनंच वाढून दिलेलं असतं, तिलाच त्यात भूषण वाटतं. उरलं तर खाईन, असं म्हणणारी बाई गुणाची, हा आपला जुना हिशेब. आता सगळ्याच घरांत हे असं चालत नाही, हेही मान्य. पण ज्या घरांत चालतं त्या घरांत ते गरोदरपणातही चालतं.

शाकाहारी घरांत अडचण वेगळी. तालुक्यात लिंगायत समाज मोठा आहे, तिथं मांसाचा प्रश्नच येत नाही. तिथं लोहाच्या बरोबरीनं ब-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा येतो, कारण ते मिळतं फक्त प्राणिज पदार्थांतून. शाकाहाऱ्यांना दूध-दही हाच त्याचा आधार. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यात निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात ब-१२ कमी निघालं. ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर होतं त्यांची बाळं जास्त भरली. आणि ज्या आयांना शेतातलं, घरातलं कष्टाचं काम जास्त, त्यांची बाळं कमी भरली.

दुधाचा मुद्दा कोल्हापूर जिल्ह्यात सांगताना जीभ जरा अडखळते. ‘गोकुळ’चा जिल्हा हा. म्हशीचं शेण काढते बाई, वैरण आणते बाई, धार काढते बाई. किटली दूध संस्थेत जाते आणि दहा दिवसांचं बिल बहुतेकदा पुरुषाच्या नावावर निघतं. घरात उरतं ते चहापुरतं. दूध विकू नये असं कोण म्हणेल? त्या पैशावर पोरांची शिक्षणं झाली आहेत. पण गरोदर बाईसाठी पेलाभर दूध मागं ठेवायला बिलात कितीसा फरक पडतो, हे एकदा मांडून बघावं.

चहा ही आणखी एक गंमत. लोहाच्या शोषणाला चहातलं टॅनिन आडवं येतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजी-भाकरीतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. आणि आपल्याकडं पहाटे उठल्याबरोबर चहा, त्यात बुडवून बटर किंवा खारी, अकराला चहा, शेतातून आल्यावर चहा. कितीतरी बायका लाल गोळीही चहाबरोबरच गिळतात. ज्वारी, नाचणी, भुईमूग यांत लोह आहे, पण फायटेट नावाचं द्रव्यही आहे आणि ते लोहाला धरून ठेवतं. लिंबू पिळलं, पेरू किंवा आवळा खाल्ला, मोड आणून किंवा आंबवून खाल्लं की ही पकड सैल होते. लोखंडी तवा आणि कढई पुन्हा चुलीवर आणली तर त्याचाही थोडा हातभार लागतो. गुळाचं मात्र फार कौतुक नको. इथल्या गुऱ्हाळांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही सांगतो, गुळात साखरेपेक्षा लोह जास्त असलं तरी रक्त भरून काढायला जेवढा गूळ लागेल तेवढा कुणी खाऊ नये. बिटाचं तर नुसता रंग बघून माजलेलं प्रस्थ आहे.

ताटाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वय आणि अंतर. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सोळा-सतराव्या वर्षी मुलीची स्वतःचीच वाढ चालू असते. त्यात गर्भ राहिला की एकाच ताटात दोन वाढती शरीरं जेवायला बसतात. पहिलं मूल अंगावर पितं तोवर दुसऱ्याची चाहूल लागली तर मधल्या काळात साठा भरायला सवडच मिळत नाही. दोन बाळंतपणांत अंतर ठेवा म्हणतात ते याच्यासाठी. एक बाळंतपण झाल्यावर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षं जावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही असा हट्ट असलेल्या घरात हा सल्ला कुणाच्या कानी जायचा?

मिसरीबद्दल डॉक्टरसुद्धा विचारायचं विसरतात. आपल्याकडं खेड्यात दात घासायच्या निमित्तानं मिसरी लावणाऱ्या बायका अजून बऱ्याच आहेत. ही भाजलेली तंबाखूच. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १,२१७ गर्भवतींचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध केला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, आणि त्या बायकांचं हिमोग्लोबिनही कमी निघालं. मिसरीनं भूक मरते, हे तर लावणाऱ्या बायका स्वतःच सांगतात. मातीचंही तसंच. भाजकी माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं याला डोहाळे म्हणून कौतुक होतं. पुष्कळदा ती अंगातल्या लोहाच्या तुटवड्याची खूण असते, आणि माती पोटात गेली की उरलंसुरलं लोहही अंगी लागत नाही. सुनेच्या पदरात माती सापडली तर हसण्यावारी न नेता रक्त तपासून घ्यावं.

आता गोळी. ती फुकट मिळते, आशाताई घरी आणून देते, तरी फडताळात का राहते? पहिलं कारण सरळ आहे. मळमळतं, पोट बांधल्यासारखं होतं, शौचाला काळं होतं. काळं होणं ही चिंतेची गोष्ट नाही, हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. दुसरं कारण आशाताईंना उंबऱ्यातच ऐकावं लागतं : “गोळ्या खाल्ल्या की बाळ मोठं होतंय, मग शिजर करायला लागतंय.” ही भीती भारतभर सापडते. तिच्यामागं अडाणीपणा नाही, अडलेल्या बाळंतपणांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी आहेत. म्हणून ‘काकू, असं काही नसतं’ म्हणून ती जात नाही. गोळी रात्री झोपताना घेतली तर मळमळ कमी जाणवते. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून ती दोन तास तरी लांब ठेवावी. या दोन ओळी नीट समजावून सांगायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच नसतो.

तिसरं कारण या तालुक्याच्या नकाशात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळेजेवण झालं की मुलगी निघाली. गडहिंग्लजहून संकेश्वर पंधरा-वीस किलोमीटरवर, पण ते कर्नाटकात. इकडं रोटी-बेटीचा व्यवहार सीमा बघून होत नाही. सासर महाराष्ट्रात आणि माहेर बेळगाव जिल्ह्यात असलेल्या बाईचं इकडं माता-बाल संरक्षण कार्ड असतं, तिकडं ‘तायी कार्ड’. इकडच्या आशाताईच्या वहीत ती ‘माहेरी गेली’, तिकडच्या वहीत ती उशिरा चढते. शेवटचे तीन महिने, जेव्हा बाळ सर्वांत जास्त लोह ओढून घेतं, तेव्हाच तिच्यावरची नजर हलते. दोन राज्यांच्या दोन सिस्टरांनी एकमेकींना फोन केला तर हे मिटतं. काही करतातही. पण ती त्यांच्या भलेपणावर चालणारी व्यवस्था झाली.

रेशनच्या तांदळाचीही अशीच कथा. लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घातलेले दाणे शंभरात एक या प्रमाणात मिसळलेला तांदूळ रेशनवर येऊ लागला. हे दाणे जरा वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठली आणि बायकांनी ते नेमके निवडून टाकले. हा तांदूळ सगळ्यांनाच सरसकट द्यावा का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण लोकांच्या ताटात काही घालायचं तर त्यांना आधी सांगावं लागतं, यावर दुमत नसावं.

दिवाळीच्या मागंपुढं कारखान्याचं धुराडं पेटलं की तालुक्यात आणखी काही गरोदर बायका येतात आणि त्या कुणाच्याच वहीत नसतात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून ऊसतोडीला आलेल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळं सुट्टी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड. सातव्या-आठव्या महिन्यातही मोळ्या उचलायच्या, पहाटे फडात, रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीवर, स्वयंपाक. कार्ड गावाकडं राहिलेलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून महाराष्ट्र हादरला. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीचा त्रास, अंगावरून जास्त जाणं, त्यातून येणारा अशक्तपणा आणि बुडणारी मजुरी, यातून ती वाट निघाली होती. साखरपट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्यानं हंगामाच्या पहिल्या आठवड्यात कोपीवर जाऊन गरोदर बायकांची नोंद केली पाहिजे, हे माझं ठाम मत. ऊस किती टन आला याची नोंद वजनकाट्यावर रोज होतेच की.

रक्त कमी असण्याची किंमत कळते ती प्रसूतीच्या दिवशी. बाळ झाल्यावर अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गेलं तर त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. बारा ग्रॅमवाली बाई तो झटका बहुधा सोसते. सहा-साडेसहा ग्रॅमवालीला त्याहून कमी रक्त गेलं तरी जिवावर बेततं. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकारानं झालेला एक प्रयोग जगभर गाजला. खेड्यांतल्या उपकेंद्रांवर आणि घरी होणाऱ्या बाळंतपणांत सिस्टरांनी १,६२० बायकांपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडानं दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो छापला. पुढं त्याच महाविद्यालयानं आणखी एका मोठ्या चाचणीत भाग घेतला. मध्यम रक्तक्षय असलेल्या गर्भवतींना महिनोन्‌महिने गोळ्या द्याव्यात की शिरेतून एकदाच लोह द्यावं, हा तिचा विषय. आज आपल्याकडंही गोळीनं रक्त चढत नसेल किंवा दिवस भरत आले असतील तर सलाइनमधून लोह देतात. गडहिंग्लजच्या बायकांच्या प्रश्नाची काही उत्तरं अशी तासाभराच्या अंतरावर तपासली गेली आहेत.

आईकडून येणाऱ्या लोहाचा शेवटचा हप्ता बाळाला नाळेतून मिळतो. बाळ जन्मल्याबरोबर नाळ न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं रक्त बाळाकडं जातं आणि त्याला पुढं महिनोन्‌महिने पुरणारं लोह मिळतं. त्याला ना औषध लागतं ना यंत्र, फक्त तेवढा वेळ थांबायचं असतं.

घरात गरोदर बाई असेल तर आज तिचं कार्ड काढून हिमोग्लोबिनची शेवटची नोंद बघा. हे काम नवऱ्यानं केलं तर जास्त बरं. अकराच्या खाली असेल तर बहुधा रोज दोन गोळ्या सांगितलेल्या असतील. त्या खरोखर संपतायत का ते पाकीट मोजून बघा. महिन्यानं पुन्हा रक्त तपासा. तेवढ्यात एक ग्रॅमसुद्धा वाढलं नसेल तर ‘अजून खा’ म्हणून थांबू नका; लोहाखेरीज दुसरं काही कमी आहे का, जंत आहेत का, हे डॉक्टरांना विचारा आणि शिरेतून लोह द्यायची सोय असलेल्या रुग्णालयात घेऊन जा. सातच्या खाली असेल तर नऊ तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी उपजिल्हा रुग्णालय गाठायचं.